कालच्यापेक्षा कमी आहे का?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय 41. भांडुपला राहतो, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. गेलं वर्षभर लिंगाच्या पुढच्या कातडीला चिरा पडायच्या. क्रीम लावलं की बऱ्या व्हायच्या, पुन्हा पडायच्या. शेवटी कातडी मागेच सरकेना. डॉक्टरांनी फायमोसिस सांगितलं आणि स्टेपलरने सुंता केली. आज नववा दिवस. तिसऱ्या दिवशी एवढी सूज आली की बघवेना. आता वरची ओसरली आहे, पण बोंडाच्या खाली पाणी भरल्यासारखी वळकटी लोंबते आहे, मेदूवड्याची अर्धी कड असावी तशी. टाक्यांच्या रेषेवर पिवळट थर आहे. काही पिना पडल्या, काही रुतून बसल्यात. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती दोन दिवस लावतोय. रात्री ताठरता आली की जीव जातो. ऑपरेशन जिथे केलं तिथे फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘नॉर्मल आहे, पंधरा दिवसांनी या.’ जाहिरातीत तर दुसऱ्या दिवशी ऑफिस असं लिहिलं होतं. मला सोमवारपासून जावंच लागेल.

घरी बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. आईला गळू कापलं असं सांगितलंय, ती रोज हळद लावायला सांगते. भावाला कळलं तर म्हणेल, ‘आपल्यात कुठे असलं करतात?’ मुलगा 12 वर्षांचा आहे, तोही विचारतो. ही सूज जाणार का, की आता असंच राहणार? काही चुकलंय का? फोटो पाठवू का?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

नमस्कार,

फोटो नको. फोटोत सगळ्याच सुजा सारख्या भयंकर दिसतात, आणि हात लावल्याशिवाय मला त्यातून काही कळत नाही. तुमच्या शब्दांनी मात्र बरंच कळलं. पत्र लिहिलंत तेव्हा नववा दिवस होता, हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा तेरावा असेल. तेरावा म्हटलं की आपल्याकडे भलताच अर्थ होतो, पण तुमच्या बाबतीत तो बरा होण्याच्या वाटेवरचा एक साधा दिवस आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही सूज या ऑपरेशननंतर नेहमी दिसते तशीच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग वरून ओसरत येते आणि बोंडाच्या खालच्या अंगाला रेंगाळते. पुरुषांना वाटतं की दहा दिवसांत सगळं सपाट व्हायला हवं. तसं होत नाही. डोळ्यांना सलणारी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, खालची ती वळकटी सहा-आठ आठवडे घेते, एखाद्याला तीन महिनेही लागतात. म्हणून माझ्या पेशंटना मी ‘सूज किती आहे’ असं विचारायचोच नाही. ‘कालच्यापेक्षा कमी आहे का?’ एवढंच विचारायचो. आज मोठी असली तरी कालच्यापेक्षा तसूभर कमी असेल तर काम चालू आहे. आज लहान असली पण कालपेक्षा वाढलेली असेल, तर मला ती बघायची असते.

पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला सूजेपेक्षा जास्त अस्वस्थ केलं. एक ती ट्यूब. दुसरी म्हणजे तुम्ही शुगर आहे असं लिहिलंत, आकडा लिहिला नाहीत. त्यांच्याकडे येतो.

आधी ही सूज तिथेच का बसते ते सांगतो, म्हणजे रोज आरशासमोर घाबरायचं कारण उरणार नाही. शरीरावर सर्वांत पातळ आणि सैल कातडी दोन ठिकाणी, पापणीला आणि लिंगाला. खाली चरबीचा थर नाही, त्यामुळे थोडंसं पाणी साठलं तरी फुग्यासारखं दिसतं. पापणीला मधमाशी चावली तर डोळा बंद होतो, तीच माशी तळपायाला चावली तर नुसती गाठ येते. विष तेवढंच, फरक कातडीचा. त्यात सुंतेचा छेद हा गोल, सगळीकडून. रक्तवाहिन्यांबरोबर लसिका, म्हणजे कातडीत झिरपलेलं पाणी, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही तुटतात. रक्ताचे मार्ग लवकर जुळतात, या नळ्यांना वेळ लागतो. तोवर टाक्यांची रेषा आणि बोंड यांच्यामधली जी कातडीची पट्टी ठेवलेली असते, तिच्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की हिंदमाताला काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी जास्त आलं म्हणूनच तुंबतं असं नाही, जायला वाट नाही म्हणूनही तुंबतं, आणि सखल भागात आधी तुंबतं. तुमचा सखल भाग म्हणजे बोंडाखालची दोरी जिथे असते ती जागा. तिथली वळकटी शेवटी जाणार.

मग करायचं काय? उतार बदलायचा. लिंग खाली लोंबतं ठेवू नका, बेंबीच्या दिशेने वर करून, पोटाला टेकवून ठेवा. अंगाबरोबर बसणारी, ताण न देणारी सुती चड्डी घाला, म्हणजे ते तसंच राहील. बॉक्सर, ढगळ हाफ पँट, लुंगी, यांत मोकळं वाटतं पण सूज तिथेच राहते. चड्डीच्या आत, जखमेला घासणार नाही असा व्हॅसलीन लावलेला गॉजचा तुकडा ठेवा, म्हणजे कापड चिकटणार नाही. घरी असताना दुपारी अर्धा-पाऊण तास आडवे व्हा, कमरेखाली उशी घ्या. एवढ्यानेच चार दिवसांत फरक दिसतो. दिसला नाही तरी ठणका कमी होतो. बर्फ पहिल्या दोन दिवसांचा, तोही कापडात गुंडाळून. आता त्याचा उपयोग नाही.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही आपली रड. दमट चड्डी घालण्यापेक्षा ती इस्त्रीने कडकडीत कोरडी करून घाला. आंघोळ रोज करा. पाणी वरून वाहू द्या, साबण जखमेवर चोळू नका, नंतर टॉवेलने टिपून घ्या. टबात बसणं, पोहणं सध्या बंद. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, खोबरेल, काही नको. डेटॉलने जंतू मरतात हे खरं, पण नव्याने उगवणारी कातडीही भाजते.

घट्ट बांधायचं मात्र अजिबात नाही. सूज दाबून जाईल असं वाटून काही जण क्रेप बँडेजचे वेढे देतात, एकाने तर रुमाल बांधला होता. या बाबतीत मी कुणाला हसू शकत नाही. 1980 च्या दशकात मी एका मोठ्या रुग्णालयात हाउसमन होतो. एका गिरणी कामगाराची हीच शस्त्रक्रिया झाली. थोडं रक्त येत होतं म्हणून मी ड्रेसिंग जरा करकचून बांधलं, आणि पुढच्या पेशंटकडे गेलो. रात्री वॉर्डात त्याच्या खाटेशेजारी त्याचा मेहुणा बसला होता. मेहुण्यासमोर तिथे दुखतंय असं कसं सांगायचं म्हणून हा माणूस गप्प राहिला. रात्री दोनच्या सुमारास राउंडला आलेल्या सिस्टरना तो खिडकीचा गज धरून उभा दिसला, कपाळावर घाम. त्यांनी मेहुण्याला चहा आणायला पिटाळलं, पडदा ओढला आणि मला उठवलं. बोंड जांभळं पडलं होतं, हाताला गार लागत होतं. कात्रीने बँडेज कापलं आणि दहा मिनिटं मी नुसता रंग बदलण्याची वाट बघत उभा होतो. गुलाबी झालं. आणखी काही तास तो असाच लाजत उभा राहिला असता, तर काय झालं असतं ते मला आजही आठवायला आवडत नाही. त्या सिस्टरनी मला फक्त एवढंच सांगितलं, ‘डॉक्टर, इथले पुरुष विचारल्याशिवाय सांगत नाहीत.’

म्हणून कोणत्या वेळी लाज गुंडाळून ठेवायची ते न विचारता सांगतो. सूज तासातासाला वाढायला लागली, कडक आणि काळी-निळी दिसायला लागली, तर आत रक्त साठतंय. रक्त गळत असेल तर स्वच्छ गॉजने बोटांनी दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही (बघतातच सगळे!), आणि तरीही थांबलं नाही तर निघा. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, बोंड गार किंवा काळपट पडलं, ताप 100.4 च्या वर गेला, लाली अंडकोशावर किंवा ओटीपोटाकडे पसरू लागली, घाण वास येऊ लागला, तर रिसेप्शनवर फोन करत बसू नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात क्वचित त्या भागाचा एक भयंकर जंतुसंसर्ग होतो, त्याला फोर्निये गँग्रीन म्हणतात. दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं ही त्याची पहिली खूण, आणि त्यात प्रश्न तासांचा असतो. असलं काही वाटलं तर थेट कॅज्युअल्टी. तुम्हाला भांडुपहून सायन हॉस्पिटल सोयीचं, ऑफिसात असाल तर केईएम जवळच आहे. दोन्हीकडे रात्रीबेरात्रीही सर्जन असतात. गाडी मिळाली नाही तर 108.

तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही. हे मी वाईट वेळेसाठी सांगून ठेवलं.

पिवळट थराचं बोलू. तोंड आल्यावर जिभेवर जसा पिवळसर पापुद्रा दिसतो तसाच हा. जखम भरताना शरीर स्वतःच ते अस्तर घालतं. पू वेगळा असतो. तो जाड, वाहणारा, वास येणारा, टाक्यांच्या फटीतून दाबल्यावर बाहेर येणारा. अस्तर ओल्या कापसाने खरवडून काढण्याचा मोह होतो, विशेषतः स्वच्छतेची आवड असलेल्या माणसांना. ते करू नका, खालून रक्त येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पिनांचं जरा बघावं लागेल. स्टेपलरमध्ये बारीक पिनांची माळ एका पातळ सिलिकॉनच्या पट्टीसकट बसवतात. जखम जुळत आली की पट्टी सुटते आणि पिना एकेक करून गळतात. चड्डीत सापडतात, बाथरूमच्या फरशीवर सापडतात. यात दोन ते चार आठवडे जातात. पण सूज जास्त आली की पिना कातडीत बुडतात आणि आपोआप सुटत नाहीत. त्या नखाने, चिमट्याने, नेलकटरने काढू नका. डॉक्टरांकडे त्यासाठी छोटं हत्यार असतं, मिनिटभराचं काम आहे, आवश्यक तर जेल लावून बधिर करतात. पट्टी अजून अर्धी लटकत असेल तर तीही ओढू नका. काही रुतल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि तेवढ्याच कारणासाठी पंधरा दिवस न थांबता एकदा दाखवून या असं माझं म्हणणं आहे.

आणि ती ट्यूब. नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पण आपल्याकडे मेडिकलवाल्याला ‘तिथे खाज आहे, जखम आहे’ सांगितलं की तो काउंटरखालून जी ट्यूब काढतो, तिच्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड, पुष्कळदा क्लोबेटासोल. दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडने जखम भरणं मंदावतं, कातडी पातळ होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. ‘सोल’ किंवा ‘सोन’ने शेवट होणारं नाव दिसलं तर लावणं थांबवा आणि ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. मागच्या वर्षभरात चिरांवर लावत होतात ते क्रीमही हेच होतं का, हा मला आलेला संशय आहे.

आता आकडा. फायमोसिस मोठ्या वयात झाला की शुगर बघायची, असं सर्जनला पहिल्या वर्षी शिकवतात. लघवीत साखर उतरते, कातडीखाली बुरशी वाढते, कातडीला चिरा पडतात, चिरा भरताना ती आक्रसते आणि एक दिवस मागे सरकत नाही. कित्येक पुरुषांना मधुमेह असल्याचं या चिरांवरूनच पहिल्यांदा कळतं. तुम्हाला तो आधीच माहीत होता, पण चिरा पडतच राहिल्या याचा अर्थ तो आटोक्यात नव्हता किंवा दुसरं काही कारण होतं. उपाशीपोटी 130 च्या आत, जेवणानंतर 180 च्या आत, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 7 च्या आसपास, हे साधारण लक्ष्य. यापेक्षा फार वर असाल तर तुमची जखम उशिरा भरेल आणि सूजही चिवट राहील, मग तुम्ही चड्डी कोणतीही घाला.

दुसरं कारण म्हणजे गोळी. मधुमेहाच्या गोळ्यांची यादी काढून बघा, त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का. या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या आहेत, आणि पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्यापासून खूप लिहिल्या जातात. पण लघवीत साखर म्हणजे त्या जागी बुरशीला रोजचं जेवण. पुरुषांत त्यामुळे अशाच चिरा आणि खाज होते. गोळी मनाने बंद करू नका. फिजिशियनला एवढं सांगा की वर्षभर हा त्रास होता आणि आता सुंता झाली आहे. बदलायची की चालू ठेवायची ते तो ठरवेल. हे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, तुम्हीच निरोप्या व्हायचं.

आणखी एक प्रश्न ऑपरेशन करणाऱ्यांना विचारा. काढलेली कातडी तपासायला पाठवली होती का? कातडीवर पांढरे, पांढुरके चट्टे असतील तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. तो असेल तर पुढे लघवीच्या तोंडावर नजर ठेवावी लागते. बहुतेकदा काही निघत नाही. पण रिपोर्ट असेल तर तो फाइलला लावा.

रात्रीचं दुखणं. झोपेत तीन-चार वेळा ताठरता येणं ही प्रत्येक निरोगी पुरुषाची गोष्ट आहे, ती विचारांनी येत नाही आणि विचारांनी जात नाही. मधुमेह असलेल्या माणसाला ती येतेय याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच होतो, तुम्हाला पहाटे चार वाजता होणार नाही हे कबूल! झोपायच्या आधी लघवी करून या, पालथे झोपू नका. जाग आली की उठा, लघवीला जा, पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारा. पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन तुमच्या गोळ्यांत असेल तर डॉक्टरांना सांगा, दुखण्यासाठी म्हणून वेगळी घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यानंतर हा त्रास झपाट्याने उतरतो.

शरीरसंबंध आणि हस्तमैथुन सहा आठवडे नाही. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एचआयव्हीचा धोका कमी व्हावा म्हणून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी सुंतेची शिफारस केली. त्यानंतर तिथे कोट्यवधी धडधाकट पुरुषांनी ती करून घेतली, आणि प्रत्येकाला सहा आठवड्यांचं पथ्य सांगितलं जातं. बाहेरून जखम तिसऱ्या आठवड्यात भरलेली दिसते, आतून ताण सहन करण्याइतकी ती तेव्हा झालेली नसते. बायकोला हे वाचायला द्या. तुम्ही लिहिलंत की तिला माहीत आहे, पण तिला काय वाटतंय ते लिहिलं नाहीत. ती घाबरली असेल. आणि तिलाही खाज किंवा पांढरं जाण्याचा त्रास होत असेल तर तिने एकदा तपासून घ्यावं, बुरशी दोघांत फिरते.

ऑफिसचं. जाहिरातीतला ‘दुसरा दिवस’ हा ज्याचं ऑफिस घरापासून दहा पावलांवर आहे आणि ज्याला खुर्चीवरून उठायचं नाही अशा माणसाचा दिवस असावा. तुमचा दिवस भांडुपच्या फलाटावर सुरू होतो. सकाळी आठनंतरच्या गाडीत माणूस उभा नसतो, तो अडकवलेला असतो, आणि समोरच्याची सॅक नेमकी तिथेच येते. दोन आठवड्यांनी खुर्चीतलं काम करायला हरकत नाही, पण गाडी गर्दी सोडून पकडा, नाहीतर चार दिवस घरून काम मागा. साहेबाला सर्टिफिकेट लागत असेल तर सर्जन ‘छोटी शस्त्रक्रिया, विश्रांती आवश्यक’ एवढंच लिहून देतात, अवयवाचं नाव त्यात असावंच असं नाही. बाइक आणि खड्ड्यांतली रिक्षा टाळा. दर दोन तासांनी टॉयलेटला जाऊन चड्डी नीट करा, लिंग वरच्या दिशेला आहे ना ते बघा. संध्याकाळी सूज सकाळपेक्षा थोडी जास्त वाटणार, दिवसभर उभं राहिल्यावर पायही सुजतातच. म्हणून तुलना करायची ती सकाळची सकाळशी, उठल्या उठल्या. फार वाटलं तर कॅलेंडरवर रोज एक खूण करा, कमी झाली की अधिक, वाढली की उणे. सलग दोन उणे आले की फोन.

तीन महिन्यांनंतरही जाड, कडक कडं राहिलं तर पुन्हा सर्जनला भेटा. तशी वेळ थोड्याच जणांवर येते, आणि त्यावरही उपाय असतो.

‘आपल्यात असलं करतात का?’ करतात. माझ्या ओपीडीतल्या केसपेपरांवर सावंत असायचे, शेख असायचे, डिसोझा असायचे, आणि फायमोसिसच्या पेशंटने कोणत्या देवाला हात जोडले यावरून टाके बदलत नाहीत. भावाला हवं तर हेही सांगा की सुश्रुतसंहितेत या आजाराला स्वतंत्र नाव आहे, निरुद्धप्रकाश. कातडी मागे जाऊन अडकते त्याला परिवर्तिका. निरुद्धप्रकाशावर दोन्ही तोंडं उघडी असलेली लोखंडाची किंवा लाकडाची नळी तूप लावून घालायची, आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घेऊन तोंड रुंद करायचं, असा उपचार दिला आहे. ते वाचून तुमचा भाऊ स्टेपलरवाल्याचे आभार मानेल.

पण भावाला सांगायलाच हवं असं नाही. आईला मात्र ‘गळू’ ऐवजी ‘लघवीच्या जागेचं छोटं ऑपरेशन’ म्हणून बघा. तुमच्या वयाच्या मुलाची आई आयुष्यात याहून बरंच काही बघून बसलेली असते, आणि ती जास्त विचारणार नाही. फायदा असा की दुपारी तुम्ही कमरेखाली उशी घेऊन पडलात तर कारण द्यावं लागणार नाही. हळदीचं म्हणाल तर ती दुधातून घ्या, साखर न घालता. जखमेवर नको, आईचं मनही मोडायला नको.

मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल एवढं. ‘पुढची कातडी घट्ट झाली होती, दुखत होती, डॉक्टरांनी काढली.’ बारा वर्षांच्या मुलाला गळूपेक्षा हे जास्त पटतं. त्याचा पुढचा प्रश्न ‘माझी पण काढणार का?’ हा असेल. नाही. त्याची कातडी पूर्ण मागे जात नसली तरी या वयात ते वावगं नाही, पुष्कळ मुलांची वयात येताना आपोआप सैल होते. जोर लावून मागे ओढायची नाही, आणि ओढलीच तर लगेच पुढे आणायची, एवढं त्याला शिकवा. लघवी करताना फुगा होत असेल, दुखत असेल, तरच डॉक्टर.

या शनिवारी सकाळी नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी शुगर करा. रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि ती ट्यूब एका पिशवीत घाला आणि ऑपरेशन केलेल्या ठिकाणी जा. रिसेप्शनला विचारू नका, डॉक्टरांना बघायचं आहे असं सांगून बसा. रुतलेल्या पिना ते काढतील. आत घेतलंच नाही तर सोमवारी सकाळी सायनच्या ओपीडीत केसपेपर काढा, सर्जरीचा. लाइन मोठी असते, साडेआठच्या आत पोहोचा, आणि बसायला जागा मिळाली तर संकोच न करता बसा.